एक डोळा झाकून पाहा : डोळ्यांच्या नेहमीच्या विकारांची ओळख आणि नजर जपण्याच्या पायऱ्या

डोळ्यांचा एक विचित्र न्याय आहे. जे आजार फार छळतात ते बहुतेक वेळा किरकोळ निघतात आणि जे नजर कायमची घेऊन जातात त्यांतले बरेचसे कसलीच तक्रार करत नाहीत. रांजणवाडी ठसठसते, डोळे आले की माणूस हैराण होतो, बारीकसा कण गेला तरी जीव नकोसा होतो. काचबिंदू मात्र वर्षानुवर्षं दृष्टीची नस पोखरत राहतो आणि डोळा साधा दुखतही नाही. मधुमेहाने डोळ्याच्या आत मागे असलेल्या, चित्र टिपणाऱ्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असतात आणि तोच माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवतो. 'दुखलं की दाखवू' हा हिशेब इथे चालत नाही, आणि खालच्या पायऱ्या त्याच कारणाने अशा क्रमाने लावल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही. त्यांतल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचा आहे. मोठी कारणं दोनच आणि अगदी साधी : योग्य चष्मा नसणं आणि न काढलेला मोतीबिंदू.

पहिली पायरी : घरच्या घरी एकेक डोळा तपासा

दोन डोळे एकमेकांची उणीव इतकी बेमालूम भरून काढतात की एका डोळ्याची नजर निम्मी झाली तरी महिनोन्महिने कळत नाही. बऱ्याच जणांना हे कळतं ते चांगल्या डोळ्यात काहीतरी जाऊन तो मिटावा लागतो तेव्हा.

मेंदू नसलेलं चित्र किती सफाईने भरतो हे पाहायचं असेल तर एक छोटा प्रयोग करा. कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे साधारण ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका द्या. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि हातभर अंतरावरून कागद हळूहळू जवळ आणा. ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक किंवा काळा डाग दिसत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो. दृष्टीची नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून प्रत्येक डोळ्यात हा आंधळा ठिपका जन्मापासून असतो. आजाराने पडलेली भोकंही मेंदू अशीच बुजवतो.

आता खरी तपासणी. नेहमीचा चष्मा लावा. तळहाताने एक डोळा झाका, पण दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसर दिसतं आणि उगाच घाबरायला होतं. उघड्या डोळ्याने लांबची पाटी किंवा कॅलेंडरवरची अक्षरं वाचा, मग हातातला मजकूर, मग दाराच्या चौकटीची किंवा खिडकीच्या गजांची सरळ रेघ पाहा. मग दुसरा डोळा. अक्षरं एका डोळ्याने पुसट दिसतात का, रंग एकीकडे फिके वाटतात का, सरळ रेघ मध्येच वाकते किंवा तुटते का, हे बघायचं. चाळिशी उलटलेल्यांनी महिन्यातून एकदा हे करावं. मिनिटभराचं काम आहे. डोळ्यांच्या व्यायामाच्या ज्या चित्रफिती फिरत असतात त्यांपेक्षा हे एक मिनिट कितीतरी पटीने कामाचं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी : कशाला थांबायचं नाही, ते आधी ठरवून ठेवा

पुढच्या गोष्टी झाल्या तर सकाळची वाट पाहू नका, ओळखीच्यांचे सल्ले गोळा करू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या विभागात जा.

- एका डोळ्याची नजर अचानक जाणं. दुखत नसलं तरी, आणि दहा मिनिटांत परत आली तरीही. पडद्याची रक्तवाहिनी बंद पडल्याची किंवा पक्षाघाताची ती पूर्वसूचना असू शकते.
- डोळ्यापुढे एकाएकी पुष्कळ काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणं, कडेला विजेसारखे चमकारे होणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं अंधारून येणं.
- डोळा लाल, आत खोल दुखणं, दिसणं कमी होणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि सोबत मळमळ किंवा उलटी.
- अचानक एकाचं दोन दिसणं, पापणी एकदम खाली उतरणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होणं.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं. लेन्स लगेच काढा आणि ती सोबत घेऊन जा.
- डोळ्याला जोराचा मार, किंवा काहीतरी टोकदार घुसणं. घुसलेली वस्तू ओढून काढू नका, डोळा धुऊ नका, चोळू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला वरून धरून निघा.

रसायनाचा नियम मात्र वेगळा आहे : आधी धुवायचं, मग निघायचं. चुना, सिमेंट, नळ साफ करायची पूड, आम्ल, काहीही उडालं तरी पहिल्या सेकंदापासून स्वच्छ पाण्याची धार धरा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवा आणि १५ ते २० मिनिटं धूत राहा. चुन्यासारखे अल्कली पदार्थ आम्लापेक्षा जास्त घातक, कारण ते डोळ्यात आत आत मुरत जातात. निर्जंतुक पाणी शोधण्यात वेळ घालवू नका, नळाचं पाणी चालतं.

तरंगणाऱ्या ठिपक्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांनी घाबरणारे खूप असतात. डोळ्याच्या आत पारदर्शक जेलीसारखा द्रव असतो. वय वाढतं तसा तो आक्रसतो, त्याच्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते आणि माशा उडाल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं दिसणारे एकदोन ठिपके सहसा निरुपद्रवी असतात. काळजी करायची ती एकदम वाढलेल्या संख्येची आणि चमकाऱ्यांची. आक्रसताना हा द्रव पडद्याला ओढतो, कधीकधी पडदा फाटतो, आणि फाटीतून पाणी शिरलं की तो सुटू लागतो. नुसती फाट असताना लेसरने ती बंद करणं सोपं आहे. पडदा सुटला की मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि मधला भाग सुटायच्या आत पोहोचलेल्यांची नजर जास्त चांगली परत येते.

तिसरी पायरी : नंबराचा कागद वाचायला शिका

डोळ्यात येणारा प्रकाश नेमका पडद्यावर एकवटला तर स्पष्ट दिसतं. पडद्याच्या अलीकडे एकवटला तर लांबचं धूसर. हा उणे नंबर. डोळा लांबीला थोडा कमी पडला की प्रकाश पडद्याच्या पलीकडे एकवटू पाहतो. हा अधिक नंबर, आणि यात जवळच्या कामाचा ताण जास्त येतो. बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, गोलावा सगळ्या दिशांना सारखा नसेल तर सिलिंडर नंबर येतो. अशा डोळ्याला अक्षराला सावली जोडल्यासारखी दिसते.

कागदावर 'एसपीएच'खाली मुख्य नंबर असतो, 'सीवायएल'खाली सिलिंडर आणि 'अ‍ॅक्सिस'खाली त्या सिलिंडरची दिशा, १ ते १८० अंशांत. 'अ‍ॅड' म्हणजे वाचण्यासाठी वरून जोडलेला नंबर. उजव्या डोळ्यापुढे 'ओडी' आणि डाव्यापुढे 'ओएस' अशी लॅटिन आद्याक्षरं असतात. 'पीडी' म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. कागदावर ते नसेल तर मागून घ्या; नंबर बरोबर असूनही नवा चष्मा डोकं दुखवतो, तेव्हा दोष पुष्कळदा याच मापात असतो.

नंबराचं एकक डायॉप्टर. १ भागिले नंबर केलं की चष्म्याशिवाय किती मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं ते कळतं : उणे १ ला १ मीटर, उणे २ ला अर्धा मीटर, उणे ५ ला २० सेंटिमीटर. नंबर हे टक्के नव्हेत, तेव्हा उणे ३ म्हणजे तीन टक्के नजर गेली वगैरे काही नसतं.

'६/६'चा अर्थही असाच सरळ आहे. निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येते. '६/१२' म्हणजे निरोगी डोळा जे १२ मीटरवरून वाचतो त्यासाठी तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. या ओळी असलेला अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली तयार केला. तो फक्त दृष्टीच्या अगदी मधल्या भागाची धार मोजतो. कडेचं किती दिसतं याबद्दल अवाक्षर काढत नाही. काचबिंदूकडे आलो की याचं महत्त्व कळेल.

चाळिशी कुणालाच चुकत नाही. आतलं भिंग वयाबरोबर कडक होतं आणि जवळच्या वस्तूसाठी त्याला फुगता येत नाही. साधारण चाळिशीपासून साठीपर्यंत हा नंबर हळूहळू वाढतो, चष्मा लावा किंवा लावू नका. 'चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते' ही समजूत इथूनच निघाली असावी : चष्मा लागायचं वय आणि नंबर वाढायचं वय एकच पडतं. मोठ्या माणसाचा नंबर काही आठवड्यांत एकदम बदलला तर मात्र दुकानात जायच्या आधी रक्तातली साखर तपासा. साखर चढउतार करते तेव्हा भिंगात पाणी धरतं आणि नंबर हलतो. ती स्थिर होण्याआधी केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी होतो.

लेसरने नंबर काढायचा असेल तर वय १८ पूर्ण आणि नंबर किमान वर्षभर स्थिर असावा लागतो. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. उणे ६ च्या वर नंबर असलेला डोळा लांबीला वाढलेला असतो, त्याचा पडदा ताणलेला असतो. लेसर फक्त बुबुळाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी तीच राहते. चष्मा गेला तरी अशांनी पडद्याची तपासणी चालू ठेवायची असते.

चौथी पायरी : घरात मूल असेल तर

मूल तक्रार करत नाही, कारण इतरांना कसं दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला सारतो आणि हळूहळू तो डोळा वापरायचंच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. डोळ्याची रचना धडधाकट असते, पण मेंदूतली जोडणी तयार झालेली नसते. उपाय म्हणजे योग्य चष्मा आणि रोज ठरावीक तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलं तर फळ चांगलं मिळतं, पुढे ते कमी होत जातं. शाळेत जाण्याआधी एकदा तपासणी करायची ती एवढ्यासाठी. 'तिरळेपणा शुभ असतो' किंवा 'मोठा झाला की जाईल' यात ही वर्षं घालवू नका.

फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी आणि दुसऱ्याची पांढरट चमकत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. बहुधा कारण साधं निघतं, पण पडद्याचा कर्करोग लहान मुलांत कधीकधी असाच पहिल्यांदा दिसतो.

उणे नंबर लागणं लांबवण्यासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मुलाला दिवसाच्या उजेडात बाहेर सोडणं, रोज साधारण २ तास. खेळलंच पाहिजे असं नाही, उजेड महत्त्वाचा. नंबर भराभर वाढत असेल तर अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब किंवा खास भिंगाचे चष्मे असतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पाचवी पायरी : चार मोठे विकार ओळखून ठेवा

मोतीबिंदू सगळ्यांच्या ओळखीचा. आतलं पारदर्शक भिंग गढूळ होतं आणि वाफ धरलेल्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटतात, रंग पिवळट आणि फिके पडतात, नंबर सारखा बदलतो. काहींना मध्येच चाळिशीच्या चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं आणि आनंद होतो. भिंग घट्ट झाल्याने तात्पुरता उणे नंबर आलेला असतो, तो आनंद टिकत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अस्तित्वात नाहीत, कुणी विकत असेल तर घेऊ नका. तो 'पिकेपर्यंत' थांबायची गरजही आता नाही. रोजची कामं अडू लागली की शस्त्रक्रिया करावी; फार पिकलेलं भिंग उलट काढायला अवघड जातं.

भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये केली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरले होते आणि डोळ्याने ते मुकाट्याने सहन केले होते, हे त्यांनी हेरलं. शस्त्रक्रियेला जाताना दोन गोष्टी न विसरता सांगा : प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल तर ते (त्याने शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो), आणि पूर्वी लेसरने नंबर काढला असेल तर तेही, कारण नव्या भिंगाचं गणित बदलतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागची पिशवी धुरकट होते आणि लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करता येते.

काचबिंदूचं नाव जवळचं वाटतं, पण ही जात वेगळी. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक चाळणीतून वाहून जातं. निचरा अडला की दाब वाढतो आणि मागे दृष्टीच्या नसेचे तंतू मरू लागतात. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा मानतात. आता गोम अशी की पुष्कळांचा दाब या मर्यादेत असूनही नस खराब होते, आणि काहींचा मर्यादेबाहेर असूनही ती शाबूत राहते. बुबुळ पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. म्हणून नुसता दाब मोजून 'काचबिंदू नाही' असं म्हणता येत नाही. नसेचा आकार पाहायला लागतो, कडेच्या नजरेचा नकाशा काढायला लागतो, स्कॅनवर तंतूंच्या थराची जाडी पाहायला लागते.

नजर जाते ती मधल्या भागाला सोडून, ठिकठिकाणी. आणि ती भोकं मेंदू भरून काढतो, पहिल्या पायरीतल्या ठिपक्यासारखी. माणूस ६/६ वाचतो, वर्तमानपत्र वाचतो, फक्त जिन्याची पायरी चुकते किंवा बाजूने आलेली सायकल दिसत नाही, आणि त्याचा दोष तो स्वतःच्या धांदरटपणाला देतो. गेलेली नजर कुठल्याही उपचाराने परत येत नाही.

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, उणे नंबर मोठा असेल, किंवा दम्याच्या, त्वचेच्या वा सांध्यांच्या आजारासाठी स्टेरॉइड बराच काळ घेतलं असेल, तर चाळिशीची वाट न पाहता तपासून घ्या. उपचार म्हणजे बहुधा रोजचे थेंब, कधी लेसर, कधी शस्त्रक्रिया. या थेंबांनी काही सुधारल्याचं जाणवत नाही, उलट डोळे चुरचुरतात, आणि लोक ते सोडून देतात. त्यांचं काम उरलेली नजर टिकवणं एवढंच आहे. ते होत असतं तेव्हा काहीच जाणवत नाही. काचबिंदू दुखत नाही याला अपवाद एकच, पाण्याच्या निचऱ्याचा कोपरा (कोन) एकाएकी बंद होणारा काचबिंदू. त्यात डोळा भयंकर दुखतो, उलट्या होतात आणि माणूस पोटाच्या किंवा अर्धशिशीच्या डॉक्टरांकडे जाऊन मोलाचे तास गमावतो.

मधुमेहींनी एक वेळापत्रक पाठ करावं. टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा, कारण आजार कळायच्या आधी काही वर्षं शरीरात असू शकतो. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. मग दोघांनीही दरवर्षी, दिसण्याबद्दल तक्रार असो वा नसो. डॉक्टर सांगतील तर लवकर. मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत तपासून घ्यावं, त्या काळात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. साखर, रक्तदाब आणि धूम्रपान या तिन्हींना आवर घालणं हाच मुख्य उपचार. त्यापुढे लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शनं. ऐकून अंगावर काटा येतो, पण बधिर केल्यावर ते काम काही क्षणांत होतं.

पडद्याच्या मध्यबिंदूला मॅक्युला म्हणतात. चेहरे ओळखणं आणि वाचणं त्याच्या जिवावर चालतं. वयामुळे तो झिजतो तेव्हा मधोमध डाग येतो, कडेचं दिसत राहतं. कोरड्या प्रकारात हे सावकाश होतं. ओल्या प्रकारात खालून नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि काही आठवड्यांत नजर खालावते. इथे इंजेक्शनांनी खरा फरक पडतो, पण वेळेत गेलं तर. चौकटीची रेघ वाकडी दिसणं ही त्याची पहिली खूण. धूम्रपानाने हा धोका बराच वाढतो. ल्युटिन, जस्त वगैरेंच्या गोळ्या मध्यम टप्पा गाठलेल्या रुग्णांत आजाराचा वेग कमी करतात. निरोगी माणसाने 'डोळ्यांचं टॉनिक' म्हणून त्या घेण्यात काही हशील नाही.

सहावी पायरी : लाल डोळा आणि कोरडा डोळा

खाज मुख्य असेल तर बहुधा अ‍ॅलर्जी. चोळायचं नाही, गार पट्टी ठेवायची. सततच्या चोळण्याने बुबुळ पातळ होऊन पुढे येऊ शकतं. सकाळी पापण्या चिकटून पिवळी चिपडं येत असतील तर जिवाणू, आणि पाणी गळत असेल, आधी सर्दी झाली असेल, एका डोळ्यातून दुसऱ्यात गेलं असेल तर विषाणू. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते एकदोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. डोळे आलेल्याकडे नुसतं पाहून डोळे येत नाहीत. ते हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून पसरतात.

पांढऱ्या भागावर एकाएकी रक्ताचा लालभडक डाग आला, पण दुखत नाही आणि दिसतंही नीट, तर खोकण्या-शिंकण्याने बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोनेक आठवड्यांत ते जिरतं. वारंवार होत असेल तर रक्तदाब तपासा. रांजणवाडीला दिवसातून तीनचार वेळा दहा मिनिटं कोमट शेक द्या, पिळू मात्र नका.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत : उरलेले किंवा शेजाऱ्याचे थेंब डोळ्यात घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटेल, पण नागिणीच्या जातीच्या विषाणूचा जंतुसंसर्ग असेल तर बुबुळाला जखम वाढेल, आणि बरेच दिवस वापरलं तर दाब वाढून काचबिंदू होईल. लाली घालवणारे थेंबही सवयीचे होतात आणि सोडले की डोळा आधीपेक्षा लाल होतो.

डोळा कोरडा पडतो तेव्हा पुष्कळदा पाणी येतं, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. अश्रूंच्या थराला वरून तेलाचं अस्तर लागतं. ते कमी पडलं की थर लगेच सुकतो, डोळा चुरचुरतो आणि मग प्रतिक्रिया म्हणून पाण्याचा लोंढा येतो. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, खरा दोष तिथे आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, सहा मीटरपलीकडे पाहा आणि त्या वेळात पापण्या पूर्ण मिटून उघडा. स्क्रीन नजरेच्या किंचित खाली ठेवा, पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका, पापण्यांना कोमट शेक द्या. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या आढाव्यात त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही. ते पैसे यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) असं लिहिलेल्या गॉगलवर घालवा. नुसती गडद काच उलट वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्त आत शिरतात.

सातवी पायरी : थेंब घालायची रीत

साधं वाटतं, पण निम्मं औषध गालावर जातं. हात धुवा. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकच थेंब पुरतो, दुसऱ्याला डोळ्यात जागा नसते. मग डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरणार नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम असेल तर सगळ्यांत शेवटी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात.

कॉन्टॅक्ट लेन्सचे नियम मोजके आहेत : झोपताना काढा, नळाचं पाणी लावू नका, पोहताना घालू नका. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा जीव लेन्सखाली घर करतो आणि त्याचा इलाज महिनोन्महिने चालतो.

आठवी पायरी : तपासणीला जाताना

चष्म्याच्या दुकानातली तपासणी नंबर सांगते. मागचा पडदा आणि नस पाहायला नेत्रतज्ज्ञ लागतात, आणि बहुधा बाहुली मोठी करणारे थेंबही. त्यानंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. 'आज थेंब नकोत, घाई आहे' असं सांगून ही तपासणी टाळणारे खूप असतात. मग ती भेट चष्म्यापुरतीच उरते. त्यापेक्षा सवडीचा दिवस घ्या.

तक्रार नसली तरी चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी करा, पुढे दर दोन ते चार वर्षांनी, पासष्टीनंतर दर एकदोन वर्षांनी. मधुमेह, घरात काचबिंदू किंवा मोठा उणे नंबर असेल तर दरवर्षी. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं असेल तर पहिल्या वर्षातच पडद्याची नोंद करून घ्या, कारण बरीच वर्षं घेतल्यावर ते मॅक्युलाला इजा करू शकतं.

सोबत न्यायचं ते असं : सध्याचा आणि आधीचा चष्मा, चालू औषधांची यादी, आणि जुने सगळे कागद. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच. माझ्या नसेचा आकार कसा आहे? दाब किती निघाला? पुढची तपासणी कधी? उत्तरं कागदावर लिहून घ्या. नसेचा फोटो, स्कॅन आणि कडेच्या नजरेचा नकाशा यांच्या प्रती मागा आणि एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नस पहिल्यापासूनच अशी होती की मधल्या काळात बदलली, हे त्यांना त्या फाइलीवरूनच सांगता येईल.